पडद्यावरचा साहेब आणि त्याच्या शेजारचा माणूस

१९९५ मध्ये अमेरिकेत ‘मेक इट सो’ नावाचं पुस्तक आलं. ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ या मालिकेतला कॅप्टन पिकार्ड आपलं अंतराळयान कसं चालवतो आणि त्यातून कंपनीच्या मॅनेजरनं काय घ्यावं, हा त्याचा विषय. दोन लेखकांपैकी एक वेस रॉबर्ट्स. या गृहस्थांनी त्याआधी अट्टिला हूणाकडून नेतृत्वाची गुपितं काढून दाखवली होती आणि ते पुस्तक जोरात खपलं होतं. युरोपभर लूटमार करणारा टोळीप्रमुख आणि चोविसाव्या शतकातला सुसंस्कृत कप्तान, दोघांकडूनही धडे निघत असतील तर शंका धड्यांविषयीच यायला हवी. ती फारशी कुणाला आली नाही. २००३ आणि २००४ मध्ये ‘द सोप्रानोज’मधल्या टोनी सोप्रानो या न्यू जर्सीच्या माफिया म्होरक्यावर मॅनेजमेंटची एकेक पुस्तकं निघाली. मग ‘गेम ऑफ थ्रोन्स’ आलं, ‘सक्सेशन’ आलं, ‘टेड लासो’ आलं. आणि प्रत्येकाच्या मागोमाग ‘यातून शिकण्यासारख्या सात गोष्टी’ आल्याच. आपल्याकडे हे काम लिंक्डइन, व्हॉट्सअ‍ॅप आणि हॉटेलच्या हॉलमध्ये होणारी दोन दिवसांची शिबिरं करतात.

काल्पनिक गोष्टींतून नेतृत्व शिकवण्यात कमीपणा काहीच नाही. स्टॅनफर्डमध्ये जेम्स मार्च यांनी नेतृत्वाचा वर्ग कित्येक वर्षं ‘वॉर अँड पीस’, ‘डॉन किहोते’, ‘ऑथेल्लो’ आणि बर्नार्ड शॉचं ‘सेंट जोन’ यांवर चालवला. हार्वर्डचे जोसेफ बदाराकोही कथा-कादंबऱ्या घेऊन मॅनेजर मंडळींना शिकवत आले. पण मार्च यांना टिप्स नको होत्या. द्रष्टेपणा आणि वेडेपणा यांतला फरक घटना घडत असताना ओळखता येतो का, असले अडचणीचे प्रश्न त्यांना हवे होते. शिबिरवाल्यांना उत्तरं लागतात, तीही चहाच्या सुट्टीच्या आत.

या शिबिरांत सर्वांत जास्त वापरली गेलेली गोष्ट ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ असावी. सिडनी ल्युमेटचा १९५७ चा सिनेमा सगळ्यांना ठाऊक असतो, पण रेजिनल्ड रोझनं ती लिहिली टीव्हीसाठी. १९५४ मध्ये सीबीएसच्या ‘स्टुडिओ वन’मध्ये ती तासाभराचं नाटक म्हणून झाली. बासू चटर्जींनी तिचं १९८६ मध्ये ‘एक रुका हुआ फैसला’ केलं. (तोवर भारतातून ज्युरी पद्धत गेलेली होती, पण कुणाची तक्रार आली नाही.) आठव्या ज्युरीचं वागणं जवळून बघा. अकरा जण खुनाचा आरोप असलेल्या मुलाला दोषी धरून मोकळे झालेत. हा एकटा ‘तो निर्दोष आहे’ असं म्हणत नाही, ‘मला माहीत नाही, जरा बोलू या’ एवढंच म्हणतो. मग खुनाच्या सुऱ्यासारखाच दुसरा सुरा टेबलावर रोवतो. ‘असा सुरा दुसरीकडे मिळणारच नाही’ हे गृहीत तिथंच मोडतं. त्यानंतर तो स्वतःलाच पणाला लावतो : गुप्त मतदान घ्या, अकराच्या अकरा अजून ‘दोषी’ म्हणत असतील तर मी अडवणार नाही. एक मत फुटतं. शिबिरात या प्रसंगाचं सार ‘ठाम राहा’ असं सांगतात. दिसतं ते वेगळं. माणूस ठाम नाहीये, तो माघार घ्यायला तयार आहे, आणि म्हणूनच दुसऱ्याला त्याच्या बाजूला येणं सोपं जातं.

ही चुकीची दखल केवळ एका प्रसंगापुरती नाही. नेतृत्वावरच्या बहुतेक मालिका-चर्चांत डोळे नायकावर खिळलेले असतात आणि शिकण्याजोगं त्याच्या आजूबाजूला चाललेलं असतं.

बीबीसीवरची ‘येस मिनिस्टर’ (१९८० ते १९८४) आणि तिचा पुढचा भाग ‘येस, प्राइम मिनिस्टर’ (१९८६ ते १९८८) हा यातला आद्यग्रंथ. तिचा एक लेखक अँटनी जे हा मुळात मॅनेजमेंटचा अभ्यासक. मॅकियाव्हेलीच्या राजनीतीला कंपन्यांच्या कारभाराशी जोडणारं त्याचं पुस्तक १९६७ चं. १९७२ मध्ये जॉन क्लीझ वगैरेंबरोबर त्यानं ‘व्हिडिओ आर्ट्‌स’ ही कंपनी काढली आणि कचेऱ्यांसाठी विनोदी प्रशिक्षणपट केले. म्हणजे इथं मालिकेतून धडे काढावे लागले नाहीत, धड्यांतूनच मालिका निघाली. तिच्यातला मंत्री जिम हॅकर हा पुढारी, पण शिकवतो तो सचिव सर हम्फ्री. ‘द कम्पॅशनेट सोसायटी’ या भागात एक नवं कोरं सरकारी इस्पितळ आहे. पाचशे कर्मचारी, एकही रुग्ण नाही. मंत्री हबकतो. कर्मचाऱ्यांना मात्र काही वावगं वाटत नाही : बैठका होतात, अहवाल जातात, स्वच्छतेत तर इस्पितळ बक्षिसाच्या लायकीचं आहे. हम्फ्री खोटं बोलत नाही, लाच खात नाही, आळशीही नाही. संस्थेचं काम म्हणजे संस्था चालू ठेवणं, एवढी त्याची प्रामाणिक श्रद्धा आहे. नव्यानं साहेब झालेल्या माणसाला ज्या भिंतीवर डोकं आपटायचं असतं ती इतकी स्वच्छ दुसरीकडे क्वचित दिसते. मार्गारेट थॅचर या मालिकेच्या चाहत्या होत्या, इतक्या की १९८४ मध्ये एका समारंभात त्यांनी दोन्ही मुख्य नटांबरोबर छोटं प्रहसनही केलं. २००१ मध्ये स्टार प्लसवर फारुख शेख यांना घेऊन तिचं ‘जी मंत्रीजी’ झालं. मंत्रालयाच्या फायलींशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना भाषांतराची गरज पडली नसती.

अमेरिकेच्या ‘द वेस्ट विंग’मध्ये (१९९९ ते २००६) नेमका उलटा दोष. तिथला राष्ट्राध्यक्ष बार्टलेट विद्वान, हजरजबाबी, वेळेवर भाषण ठोकणारा. आरन सॉर्किनचे संवाद इतके चटपटीत की कारभार म्हणजे कॉरिडॉरमधून झपाझप चालत बोलणं, असा समज एका पिढीचा झाला असल्यास नवल नाही. पण या मालिकेत एक प्रसंग खराखुरा आहे. चौथ्या पर्वाच्या शेवटी बार्टलेटच्या मुलीचं अपहरण होतं. उपराष्ट्राध्यक्षानं नुकताच राजीनामा दिलेला असतो. बाप म्हणून आपण आता देशाचा निर्णय घ्यायच्या लायकीचे राहिलेलो नाही हे ओळखून बार्टलेट पंचविसाव्या घटनादुरुस्तीचा आधार घेतो आणि अधिकार तात्पुरते सोपवतो विरोधी पक्षाच्या सभापतीकडे. खुर्चीवरून उठण्याचा प्रसंग नेतृत्वाच्या पाठ्यपुस्तकांत जवळजवळ नसतो. तो इथं आहे, आणि सगळ्या भाषणांपेक्षा मोलाचा आहे.

डेन्मार्कची ‘बोर्गेन’ (२०१० पासून) याहून कोरडी आणि म्हणून जास्त उपयोगाची. छोट्या मध्यममार्गी पक्षाची बिर्गिट न्यूबोर्ग आघाडीच्या गणितातून पंतप्रधान होते. पहिल्या पर्वाच्या सुरुवातीची बिर्गिट आणि शेवटची बिर्गिट यांच्यात जे अंतर पडतं ते एका मोठ्या गुन्ह्यानं पडत नाही. एकेका तडजोडीनं, एकेका जवळच्या माणसाला बाजूला सारत पडतं. नवऱ्याची नोकरी जाते, मग नवरा जातो. दोन तासांच्या सिनेमाला हे दाखवता येत नाही. टीव्ही मालिकेची खरी ताकद तिची लांबी आहे : निर्णयाची किंमत तीन भागांनंतर, कधी दोन पर्वांनंतर वसूल होताना दिसते. धड्यांच्या यादीत नेमकी ही लांबीच छाटली जाते. २०११ मध्ये डेन्मार्कला हेले थॉर्निंग-श्मिट या पहिल्या महिला पंतप्रधान मिळाल्या, तोवर मालिकेतली बाई खुर्चीवर बसून वर्ष होत आलं होतं. एकामुळे दुसरं घडलं असं म्हणण्यात अर्थ नाही. पण युक्रेनचं काय म्हणायचं? ‘सर्व्हंट ऑफ द पीपल’ (२०१५ ते २०१९) या मालिकेत इतिहासाचा मास्तर अचानक राष्ट्राध्यक्ष होतो. ती भूमिका करणाऱ्या झेलेन्स्कींनी त्याच नावाचा पक्ष काढला आणि एप्रिल २०१९ मध्ये ७३ टक्के मतं घेऊन ते निवडून आले. मतदारांनी माणसाला मत दिलं की पात्राला, हे कुणी सांगावं. युद्धातला झेलेन्स्की मालिकेत नव्हता, एवढं नक्की.

माझ्या मते या सगळ्या प्रश्नावर सर्वांत खोल गेलेली मालिका ‘द वायर’ (२००२ ते २००८). बाल्टिमोर शहर, लिहिणारे दोघे, तिथल्या वर्तमानपत्रातला माजी गुन्हे-बातमीदार डेव्हिड सायमन आणि एड बर्न्स, जो आधी पोलीस आणि नंतर शिक्षक होता. पोलीस मुख्यालयात आकड्यांची बैठक भरते. प्रत्येक भागाचा प्रमुख उभा राहतो आणि वरिष्ठ त्याला गुन्ह्यांचे आकडे का घटले नाहीत म्हणून सगळ्यांदेखत सोलून काढतात. आकडा खाली आणण्याचा सोपा मार्ग गुन्हा कमी नोंदवणं हा आहे, हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत आहे. कॉल्विन नावाचा निवृत्तीला टेकलेला मेजर वरिष्ठांना न विचारता एक प्रयोग करतो : अमली पदार्थांचा धंदा ओसाड गल्ल्यांत हलवून देतो आणि बाकी वस्ती मोकळी करतो. गुन्हे खरोखर घटतात. भांडं फुटतं तेव्हा त्याची पदावनती होते आणि पेन्शनही खालच्या हुद्द्याची मिळते. पुढच्या पर्वात शाळांमध्ये परीक्षेच्या गुणांचा तोच खेळ चालतो. मग भल्या हेतूचा तरुण महापौर येतो. शाळांची तूट भरून काढायला राज्याचा पैसा मिळत असताना तो नाकारतो, कारण पुढे गव्हर्नरची निवडणूक लढवायची आहे आणि हात पसरल्याचं चित्र नको. खलनायक एकही नाही. जिल्हा परिषदेच्या आढावा बैठकीत उद्दिष्टपूर्तीचे तक्ते घेऊन बसलेल्या कुठल्याही अधिकाऱ्याला हे बघताना घाम फुटावा. या मालिकेतून ‘सात धडे’ काढायला फारसं कुणी धजावत नाही. चांगला नेता हरतो आणि का हरतो ते सविस्तर दिसतं. हॉटेलच्या हॉलमध्ये ते कोण विकत घेणार?

आता आपल्याकडे. मालिकेतून शिकवण्याचा प्रयोग दूरदर्शननं जाणूनबुजून केला होता. मेक्सिकोत मिगेल सबिदो यांनी सत्तरच्या दशकात प्रौढ साक्षरता आणि कुटुंबनियोजनासाठी मालिका काढल्या. तो नमुना समोर ठेवून १९८४ मध्ये ‘हम लोग’ सुरू झाली. मनोहर श्याम जोशींचं लेखन, १५६ भाग, आणि भाग संपला की अशोककुमार येऊन तात्पर्य सांगायचे. आखणी अशी की काही पात्रं अनुकरणासाठी, काही टाळण्यासाठी. सोसत राहणारी आई भागवंती ही टाळण्याचा नमुना होती. अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स यांनी प्रेक्षकांचा अभ्यास केला तेव्हा दिसलं की पुष्कळ बायकांना भागवंतीच आदर्श वाटली होती. अशोककुमारांसारखा माणूस समोर उभा राहून सांगत असतानाही प्रेक्षकानं आपल्याला हवं तेच घेतलं. नेतृत्वाच्या धड्यांचा बाजार मांडणाऱ्या प्रत्येकानं आधी भागवंतीला भेटावं.

त्याच सुमारास ‘रजनी’ (१९८५) आली. प्रिया तेंडुलकरांची ती गृहिणी गॅसच्या सिलिंडरपासून टॅक्सीच्या मीटरपर्यंत जाब विचारत फिरायची, आणि मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी तिच्याविरुद्ध मोर्चाही काढला. तिच्याकडे ना पद, ना संघटना. दर भागात एक प्रश्न सुटायचा, हीच तिची मर्यादाही. ‘उडान’ (१९८९) अधिक पक्की होती. कविता चौधरी (सर्फच्या जाहिरातीतल्या ललिताजी त्याच) यांनी आपल्या थोरल्या बहिणीच्या, कांचन चौधरी भट्टाचार्य यांच्या आयुष्यावरून ती लिहिली, दिग्दर्शित केली आणि मुख्य भूमिकाही केली. कांचन चौधरी २००४ मध्ये उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झाल्या, देशातल्या पहिल्या महिला महासंचालक. मालिकेचा भर पदावर पोहोचल्यावरच्या रुबाबापेक्षा पोहोचण्याच्या रगड्यावर होता. गणवेश घातल्यावर सगळं सुरळीत होतं असं तिनं सांगितलं नाही.

मराठी वाहिन्यांवर नेतृत्वाची दोनच घराणी दिसतात : इतिहास आणि स्वयंपाकघर. ‘राजा शिवछत्रपती’ (२००८) आणि ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ (२०१७ ते २०२०) यांनी डॉ. अमोल कोल्हे यांना घराघरांत नेलं आणि २०१९ मध्ये शिरूरमधून लोकसभेतही. नितीश भारद्वाजांपासून अरुण गोविलांपर्यंत ही वाट मळलेलीच आहे. या मालिकांतल्या महाराजांकडून व्यवस्थापन शिकवणारी व्याख्यानंही जोरात चालतात. पण मालिकेत लढाई, दरबार आणि फितुरी भरपूर. महसूल, धान्याची कोठारं, गडांची डागडुजी जवळजवळ नाही. रामचंद्रपंत अमात्यांचं ‘आज्ञापत्र’ काढून बघा. त्यात साहुकार, वतनदार, गडकोट, आरमार अशी प्रकरणं आहेत. आरमारासाठी रयतेची झाडं तोडण्यावरसुद्धा निर्बंध घातलेले आहेत. राज्य चालवणाऱ्या माणसाला रात्री झोप का येत नाही ते तिथं कळतं. ‘उंच माझा झोका’चंही (२०१२) तसंच. रमाबाई रानड्यांचं शिकणं आणि घरातला विरोध यांवर मालिकेचा जीव होता. पती न्यायमूर्ती रानडे गेल्यानंतर त्यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं, वाढवलं. नेतृत्वाच्या दृष्टीनं खरा ऐवज तो. संस्था बांधण्याला टीआरपी नसतो.

स्वयंपाकघराच्या बाजूला ‘चार दिवस सासूचे’ तीन हजारांवर भाग चालली, ‘आई कुठे काय करते’ पाच वर्षं. यांना हसण्यावारी नेणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की घर ही संस्थाच आहे, आणि किल्ल्या कुणाकडे हा सत्तेचाच प्रश्न. मात्र या मालिकांची एक सक्ती आहे : कुणीही कुणाला सरळ प्रश्न विचारायचा नाही. माहिती मिळते दाराआडून, तीही अर्धवट; गैरसमज महिनाभर चालतो. कुणी ‘तू असं म्हणालीस का?’ एवढं विचारलं तर गुरुवारच्या टीआरपीचं काय? अशा जगात पाच वर्षं रोज अर्धा तास घालवणाऱ्याला संस्था कशी चालते याबद्दल नेमकं उलटं शिक्षण मिळतं.

आणि तरीही. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर यांनी २००९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. बिहार, हरियाणा, तामिळनाडू, गोवा आणि दिल्ली इथली पाहणी. खेड्यात केबल टीव्ही आल्यावर नवऱ्यानं मारणं योग्य मानणाऱ्या बायकांचं प्रमाण घटलं, मुलगाच हवा हा हट्ट कमी झाला आणि घरच्या निर्णयांत बायकांचा सहभाग वाढला. पाहणीचा काळ सासू-सुनांच्या मालिकांचा ऐन भराचा होता. पात्रांचे सद्‌गुण कुणी गिरवले असतील असं वाटत नाही. पाहिलं गेलं ते पात्रांभोवतीचं जग : बाहेर पडणाऱ्या, शिकलेल्या, स्वतः पैसे हाताळणाऱ्या बायका. पुन्हा तेच, धडा नायिकेच्या शेजारी होता.

म्हणूनच ‘पंचायत’ (२०२०) मला ‘सिटी ऑफ ड्रीम्स’सारख्या सत्तेच्या झगमगीत मालिकांपेक्षा उजवी वाटते. उत्तर प्रदेशातलं फुलेरा. सरपंच कागदोपत्री मंजूदेवी, कारभार नवरा ब्रिजभूषणचा. शहरातून आलेला सचिव अभिषेक चाकाची खुर्ची विकत आणतो. खुर्ची फिरते, मऊ आहे, आणि मुख्य म्हणजे ‘प्रधानजी’ ब्रिजभूषणच्या खुर्चीपेक्षा भारी दिसते. झालं. त्या दोघांतलं सगळं राजकारण त्या खुर्चीभोवती येऊन बसतं, एक अक्षर न बोलता. सौर दिव्यांच्या वाटपात प्रत्येक सदस्याला दिवा आपल्या दारी हवा असतो, तेव्हाही तेच. पहिल्या पर्वाच्या शेवटी प्रजासत्ताक दिनाला जिल्हाधिकारी बाई येणार म्हणून मंजूदेवी राष्ट्रगीत पाठ करायला बसते. नीना गुप्तांनी ती धडपड फार कमी हालचालींत केली आहे. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत पन्नास टक्के जागा महिलांच्या आहेत. ‘सरपंचपती’ कुणाला म्हणतात ते इथं समजावून सांगावं लागत नाही. मात्र मालिकेवर फार भार टाकू नये. पश्चिम बंगालमधल्या राखीव पंचायतींवरचा एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांचा अभ्यास सांगतो की एकच भाषण पुरुषाच्या आणि बाईच्या आवाजात ऐकवलं, तर ज्या गावानं बाई प्रधान कधी पाहिलेली नाही तिथले पुरुष बाईच्या आवाजाला कमी लेखतात. पाहिलेली असेल तिथं हा पूर्वग्रह बराच ओसरतो. खरी मंजूदेवी पाच वर्षं खुर्चीवर बसावी लागते. पडद्यावरची तिला रस्ता दाखवू शकते, जागा देऊ शकत नाही.

‘स्कॅम १९९२’चा (२०२०) अनुभव मात्र काळजीचा. सुचेता दलाल आणि देबाशिस बसू यांच्या पुस्तकावरून केलेली ही मालिका बँकांचा पैसा बाजारात कसा वळवला गेला ते नीट उलगडते. लोकांच्या स्टेटसवर गेले ते घोटाळा करणाऱ्या हर्षद मेहताचे संवाद. बँकांच्या पावत्या जुळत नाहीत म्हणून पाठपुरावा करणारी बातमीदार कुणाच्या स्टेटसवर नव्हती. भागवंतीचीच दुसरी बाजू ही.

तेव्हा टीव्ही मालिकांतून नेतृत्व शिकता येतं का, या प्रश्नावर माझा कौल असा : नेत्याचे गुण शिकता येत नाहीत, कारण ते लेखकानं भाग वठावा म्हणून घातलेले असतात. नेत्याभोवतीची अडचण मात्र शिकता येते, आणि ती चांगल्या मालिकेइतकी सविस्तर केस स्टडीतही सहसा सापडत नाही. प्रशिक्षण देणाऱ्यांना एकच विनंती. भाषणाची तीन मिनिटांची क्लिप दाखवणं बंद करा. एक पूर्ण भाग दाखवा, शक्य असेल तर आधीचा आणि नंतरचाही. मग साहेबाबद्दल काही विचारू नका. सचिव, उपसरपंच, टायपिस्ट, आकडे घेऊन उभा असलेला मेजर, यांतल्या एकाला त्या दिवशी काय माहीत होतं आणि त्यानं ते कुणाला सांगितलं नाही, एवढंच विचारा.